दुखापत ते मैदान : तालुक्यातल्या कबड्डी संघांसाठी केलेल्या पुनर्वसन तक्त्याच्या नोंदी

९ जून २०२४

तालुक्यातल्या कबड्डी मंडळांसाठी एक तक्ता करायचं आज पक्कं झालं. मंडळाच्या खोलीत भिंतीवर लावता येईल एवढा मोठा, मराठीत, आणि एकाच प्रश्नाला वाहिलेला : दुखापत झाल्यावर फिजिओथेरपी किती दिवस आणि मैदानात परत कधी. माझ्याकडे येणारा प्रत्येक खेळाडू खुर्चीत बसल्या बसल्या हेच विचारतो, "मॅडम, कधी खेळायला लागू?" सोबत आलेले प्रशिक्षक तर मोबाइलवर स्पर्धेची तारीखच उघडून दाखवतात.

सगळ्या दुखापती एका तक्त्यात मावणार नाहीत. सांगली भागात मला कबड्डीत वारंवार दिसतात त्या पाच घ्यायच्या : घोटा मुरगळणे, हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू), खांदा निखळणे, गुडघ्याच्या वाटीखालचं टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) आणि एसीएल (गुडघ्याच्या आतलं, हाडाला हाड जोडणारं लिगामेंट). खेळच असा आहे. चढाईपटू पाय रोवून गर्रकन वळतो तेव्हा गुडघा जातो, घोट्याला पकड बसली की घोटा, बोनससाठी पाय लांबवला की मांडीची मागची बाजू, बचावपटूंनी हात धरून केलेल्या साखळीत ओढाताण झाली की खांदा. कोपऱ्यातल्या बचावपटूच्या उभ्या पायावर बाजूने दोघंतिघं पडतात, ती गुडघ्याची आणखी एक तऱ्हा. मॅटवर बूट घट्ट धरतो आणि पिळा वर गुडघ्यात जातो, असं माझं निरीक्षण आहे. मातीवर पाय सरकायला तरी वाव असायचा.

२३ जून

घोटा आधी घेतला. तो सगळ्यात जास्त दिसतो आणि सगळ्यात कमी मनावर घेतला जातो.

पाऊल आतल्या बाजूला दुमडतं आणि बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं किंवा फाटलं जातं. सौम्य असेल तर एक ते दोन आठवडे, अर्धवट फाटलं असेल तर तीन ते सहा, पूर्ण फाटलं असेल तर सहा ते बारा. एक्स-रे कधी काढायचा हे मंडळातल्या कुणालाही ठरवता यायला हवं, म्हणून कॅनडात १९९२ साली तयार झालेला ओटावा नियम साध्या शब्दांत घातला : घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची मागची कड, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, बोटाने दाबून बघा. हाडावरच दुखत असेल, किंवा पडल्यावर लगेच आणि नंतरही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. पावलाच्या मधल्या भागातल्या हाडांवर दुखत असेल तरीही.

बर्फाबद्दल लिहायला बराच वेळ गेला. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हा चौकोन १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी मांडला आणि जगभर रुजला. त्यांनीच २०१४ मध्ये लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी भरून येण्याची प्रक्रिया लांबू शकते. मी तक्त्यात एवढंच ठेवलं : पहिल्या दिवशी दुखणं कमी करण्यापुरता बर्फ चालेल, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दुखेल-न-दुखेल इतक्या बेताने हालचाल सुरू. महिनाभर क्रेप बँडेज गुंडाळून बसायचं नाही. आणि चोळायचं नाही! पहिल्या दोन दिवसांत सुजलेला घोटा तेल लावून रगडणारे हात आमच्याकडे प्रत्येक गल्लीत आहेत.

परतीची चाचणी मंडळात करता येईल अशी निवडली. भिंतीपासून जमिनीवर मोजपट्टी चिकटवायची. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि पाऊल जास्तीत जास्त किती मागे नेता येतं ते बघायचं. आज एका चढाईपटूचं मोजलं : चांगला पाय ११ सेंटिमीटर, मुरगळलेला ७. त्याच्या चालण्यात काही दिसत नाही, दुखत नाही, पण घोटा पुढे वाकतच नाही. असा पाय घेऊन तो खाली बसून पकड सोडवायला गेला तर सगळा भार बाहेरच्या कडेवर येणार. याशिवाय डोळे मिटून एका पायावर तीस सेकंद उभं राहणं, आणि दोन्ही पायांनी सारख्याच वेळा टाच उचलणं. परतल्यावरही सहा महिने ते वर्षभर खेळताना ब्रेस किंवा टेप. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, आणि तोल साधण्याचे व्यायाम त्यावर खरोखर उपयोगी पडतात.

१४ जुलै

हॅमस्ट्रिंग. आठवडे लिहायला सोपे : हलका ताण एक ते तीन, अर्धवट फाटणं चार ते आठ, टेंडन हाडापासून सुटलं असेल तर तीन महिन्यांच्या वर आणि बहुतेक वेळा शस्त्रक्रियेचा विचार. पण एकच आकडा लिहिला तर फसगत होईल, कारण दुखापत कशी झाली यावर खूप अवलंबून असतं. जोरात धावताना लचकलेला स्नायू तुलनेने लवकर सुधारतो. पाय कमाल लांबवताना, म्हणजे आमच्याकडे बोनस किंवा पायाने गडी टिपताना, बसण्याच्या हाडाजवळ झालेली दुखापत सुरुवातीला किरकोळ वाटते आणि महिनोन्महिने रेंगाळते. ही ओळ तक्त्यात ठळक घेतली.

व्यायाम कोणता दिला यानेही दिवस बदलतात. स्वीडनमधल्या ७५ फुटबॉलपटूंवरचा आस्कलिंग यांचा २०१३ चा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. स्नायू लांब होत असताना त्यावर भार देणारे व्यायाम केलेले खेळाडू सरासरी २८ दिवसांत पूर्ण सरावाला लागले. नेहमीचे व्यायाम केलेल्यांना ५१ दिवस लागले. दुखापत तीच, पण तीन आठवड्यांहून जास्त फरक. म्हणून ‘शेक घ्या आणि पडून राहा’ हा सल्ला मला मान्य नाही. दवाखान्यात फक्त मशीन लावून घरी पाठवणंही नाही.

आस्कलिंग यांचीच शेवटची चाचणी घेतली : उताणं झोपून, गुडघा सरळ ठेवून पाय जमेल तितक्या झटकन वर उचलायचा. दुखलं नाही पण मनात जराशी धास्ती वाटली, तरी अजून परतायचं नाही.

नॉर्डिक व्यायाम सगळ्याच मुलांना दाखवला. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने मागून घोटे दाबून धरायचे, आणि अंग ताठ ठेवून स्वतःला रोखत रोखत पुढे झुकायचं. पहिल्या दिवशी बहुतेक जण अर्ध्यातच मॅटवर हातांवर आदळले. हा नियमाने करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात असं फुटबॉलमधल्या अभ्यासांतून दिसलं आहे. एक मॅट आणि एक सोबती, बाकी खर्च नाही.

२८ जुलै

खांदा आणि वाटीखालचं टेंडन आज उरकलं.

खांदा पहिल्यांदा निखळला : एक ते तीन आठवडे झोळी, मग तीन ते चार महिने व्यायाम. वीस वर्षांखालच्या मुलांत पुन्हा निखळण्याचं प्रमाण फार मोठं आहे, त्यामुळे सर्जनला दाखवणं आवश्यक. शस्त्रक्रिया झाली तर धक्क्याच्या खेळात परतायला साधारण सहा महिने. श्रेयस अय्यरचा खांदा पुण्यात गहुंज्याला मार्च २०२१ मध्ये निखळला, एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो सप्टेंबरमध्ये आयपीएलला उतरला. आमच्या मुलांना हे उदाहरण लगेच पटलं. पण त्याला कुणी हाताला धरून सात जणांच्या साखळीत ओढत नव्हतं, हेही सांगितलं.

वाटीखालच्या टेंडनचं दुखणं हळूहळू येतं आणि हळूहळूच जातं. तीन ते सहा महिने, कधी त्याहून जास्त. इथे पूर्ण आराम उलटा पडतो. जड वजन घेऊन संथ बैठका, उड्या कमी, आणि दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतंय का यावर लक्ष.

११ ऑगस्ट

एसीएल. तक्त्याची निम्मी जागा याला द्यायची ठरवली आहे.

गुडघ्याच्या आत, मधोमध असलेलं हे लिगामेंट पूर्ण तुटलं की बहुधा आपोआप नीट जुळत नाही. वळणा-पकडीच्या खेळात परतायचं तर बहुतेकांना शस्त्रक्रिया लागते. स्वतःच्याच मांडीमागच्या किंवा वाटीखालच्या टेंडनचा तुकडा काढून तिथे बसवतात. इथून पुढे काय होतं ते मला प्रत्येक घरात पोहोचवायचं आहे. बसवलेल्या तुकड्याला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. हळूहळू त्यात नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी येतात, जुना साचा मोडून नवा घडतो. या घडामोडीत साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात तो तुकडा सगळ्यात कमजोर असतो. नेमकी हीच वेळ असते सूज उतरण्याची, लंगडणं थांबण्याची, जिना सहज चढता येण्याची. थोड्या दिवसांनी मांडी घालून जेवायला बसता आलं की घरच्यांच्या दृष्टीने पाय बरा झालेला असतो. एसटीने तालुक्याला यायचं, दिवसाची मजुरी बुडवायची, प्रत्येक वेळी फी द्यायची, मग बरा झालेला पाय घेऊन कशाला यायचं? उपचार इथेच सुटतात. मी याचा दोष त्यांना देत नाही. पुढे अजून सहा महिन्यांचं काम आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

टप्पे असे लिहिले. पहिले दोन आठवडे : गुडघा पूर्ण सरळ होणं आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा होणं. गुडघ्यात पाणी असलं की मेंदूच या स्नायूला आवर घालतो, म्हणून तो दिवसागणिक सुकताना दिसतो. टाचेखाली उशी ठेवून पाय सरळ करणं हे आजवर कंटाळवाणं म्हणून सगळ्यांनी टाळलेलं काम आहे, आणि ते टाळलं तर पुढचं सगळं अडतं. सहा आठवड्यांपर्यंत : नीट चालणं, सायकल. मग तीन महिन्यांपर्यंत ताकद. सरळ रेषेत धावणं बारा ते सोळा आठवड्यांनंतर, तेही ताकद पुरेशी असेल तर. सहा महिन्यांच्या आसपास उड्या आणि वळणं. स्पर्धा नऊ ते बारा महिन्यांनंतर.

येणं-जाणं कमी करण्यासाठी हिशेबही दिला : पहिले तीन महिने आठवड्याला दोन-तीनदा दवाखाना, नंतर गावातली व्यायामशाळा आणि पंधरा दिवसांतून एकदा तपासणी.

१८ ऑगस्ट

आज एका उजव्या मध्यरक्षक मुलीची चाचणी घेतली. वय एकोणीस, जानेवारीत एसीएलची शस्त्रक्रिया, म्हणजे सात महिने झाले. दुखत नाही, पळते, यंदाच्या निवड चाचणीत उतरायचं म्हणते. तिची आई म्हणाली, "मॅडम, घरात तर सगळं करती की, पाण्याची कळशी बी उचलती."

ताकद मोजायचं मोठं मशीन शहरात आहे, इथे नाही. आम्ही धान्याची पोती तोलतात तसला टांगायचा डिजिटल काटा वापरतो. बाकावर बसवायचं, घोट्याला पट्टा, पट्ट्याला काटा, काटा मागच्या खांबाला साखळीने बांधलेला. गुडघा काटकोनात. "मार लाथ" म्हटलं की पूर्ण जोर लावायचा, पाय हलत नाही, आकडा चढतो. चांगल्या पायाने ३८ किलो. शस्त्रक्रियेच्या पायाने तीनदा लावूनही २७ च्या वर गेला नाही. म्हणजे ७१ टक्के. निदान ९० हवेत.

मग एका पायावर लांब उडी. चांगला पाय १४२ सेंटिमीटर, दुसरा १३१. हे ९२ टक्के, म्हणजे उडीत ती पास. फक्त उडी घेतली असती तर तिला मैदानात सोडलं असतं. उडीचं अंतर नितंब आणि घोटा मिळून भरून काढतात, गुडघा आपलं काम चुकवतो. मोबाइलवर संथ गतीने बघितलं तर उतरताना गुडघा आत झुकत होता आणि ती कमरेतून वाकून धक्का घेत होती. दोन्ही चाचण्या तक्त्यात राहणार, आणि ताकदीची चाचणी वर.

तिला विनेशचं उदाहरण पाठ आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत गुडघ्याची शस्त्रक्रिया, एप्रिल २०२४ मध्ये पॅरिसची पात्रता, आणि आत्ता याच महिन्यात पहिल्याच कुस्तीत जपानच्या सुसाकीला हरवून पुढे अंतिम फेरीपर्यंत मजल. आम्ही दोघींनी ती कुस्ती पुन्हा बघितली. मी तिला सांगितलं की विनेशच्या जिद्दीला तोड नाही, आणि त्या आठ महिन्यांत तिचं कामच पाय सुधारणं होतं. तुझी कॉलेज सांभाळून आठवड्याला तीन वेळा व्यायामशाळा. महिने सारखे मोजू नकोस, काट्यावरचा आकडा मोज.

२२ सप्टेंबर

गणपतीत सराव बंद होता. घोट्याचा तो ७ सेंटिमीटरवाला मुलगा व्यायाम करून १० वर आला होता, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत डांबरी रस्त्यावर तीन तास नाचला आणि पुन्हा मुरगळून आला. हाडावर दुखत नाही, चार पावलं टाकतो. पुन्हा पहिल्यापासून. तक्त्यात ‘खेळ’ शब्दाच्या जोडीला मिरवणूक, लेझीम आणि दहीहंडीही लिहिली.

६ ऑक्टोबर

प्रशिक्षकांना मसुदा दाखवला. चांगलीच चर्चा झाली. बहुतेकांचं म्हणणं, "आठवडे पुढं लिवा, चाचण्या मागं. पोरं आकडाच बघत्यात." मी नेमकं त्यासाठीच उलटं केलं आहे : पहिल्या रकान्यात चाचणी, दुसऱ्यात कमीत कमी आठवडे. दोन्ही पुरे झाले तरच परत. आठवडे भरले पण चाचणी जमली नाही, तर थांबायचं. चाचणी जमली पण आठवडे भरले नाहीत, तरीही थांबायचं, कारण आतलं लिगामेंट जोर लावून लवकर शिजत नाही.

यासाठी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला १०६ जणांचा नॉर्वेतला अभ्यास सांगितला. एसीएलनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतीला एकेक महिना उशीर केला तसतसं गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण दर महिन्याला जवळपास निम्म्याने कमी झालं. सगळ्या चाचण्या पास होऊन परतलेल्यांत ५.६ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली, नापास असताना परतलेल्यांत ३८.२ टक्क्यांना. पास झालेले फारच थोडे होते, म्हणून दशांशाला चिकटून बसू नये. पण दिशा स्पष्ट आहे.

जडेजाचा विषय निघालाच. सप्टेंबर २०२२ मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूर कसोटीत पाच बळी. "पाच महिन्यांत आला की!" गुडघ्याची प्रत्येक शस्त्रक्रिया एसीएलची नसते, हे एक. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं : नागपूरच्या आधी तो जानेवारीत चेन्नईला सौराष्ट्राकडून रणजी सामना खेळला. थेट मोठ्या सामन्यात कुणी त्याला उतरवलं नाही. हा मुद्दा एका ज्येष्ठ प्रशिक्षकांनी उचलला आणि म्हणाले, मग आपल्या पोरांसाठी रणजी कुठली ते लिहा.

२० ऑक्टोबर

त्यांच्या त्या वाक्यावर आजची बैठक झाली. कबड्डीतल्या परतीच्या पायऱ्या त्यांनी सांगितल्या, मी क्रम लावला. आधी मोकळ्या मैदानात एकट्याने चढाईची चाल. मग समोर गडी उभे, पण कुणी हात लावायचा नाही. मग एकास एक, फक्त वरून, कमरेची सैल पकड. मग मांडीची पकड. घोट्याची पकड आणि साखळी सगळ्यात शेवटी. नंतर पूर्ण सात जणांचा सराव सामना, आधी काही मिनिटं, मग एक डाव. प्रत्येक पायरीवर निदान दोन सत्रं, आणि पुढच्या पायरीला परवानगी दुसऱ्या दिवशी सकाळी. वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे दिसायला हवेत. ते भरलेले दिसले तर गुडघ्यात पाणी आहे, एक पायरी खाली यायचं. हे कुठल्या पुस्तकातलं नाही, या मैदानावरच्या माणसांचं आहे, आणि तक्त्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच.

१ डिसेंबर

विधानसभेच्या धामधुमीत निवड चाचणी पुढे गेली होती, आता पुढच्या रविवारी आहे. मध्यरक्षक मुलीची फेरतपासणी : चांगला पाय ३९, दुसरा ३४. म्हणजे ८७ टक्के. ऑगस्टपासून सात किलो वाढ, एकही आठवडा व्यायामशाळा चुकवली नाही. साडेदहा महिने झाले आहेत. तिचे प्रशिक्षक म्हणाले, "मॅडम, तीन टक्क्यांनी काय हुतंय?"

नुसत्या तीन टक्क्यांचा प्रश्न असता तर मीही विचार केला असता. ९० ही काही कड्याची धार नाही. पण ती अजून घोट्याच्या पकडीच्या पायरीवर पोहोचलेली नाही, आणि सरावात बाजूने कुणी आलं की पाय काढून घेते. गुडघ्यावर भरवसा किती, याच्या प्रश्नावलीतही तिने ‘पुन्हा तुटेल अशी भीती वाटते’ याला मोठा आकडा दिला. पंचविशीच्या आतल्या, खेळात परतणाऱ्या खेळाडूंत चारांतल्या जवळपास एकाला पुन्हा एसीएलची दुखापत होते, त्याच गुडघ्याला किंवा दुसऱ्या. तिला, आईला आणि सरांना एकत्र बसवून हे सगळं समोर ठेवलं. निर्णय तिने घेतला : यंदा निवड चाचणी नाही. रडली. मग विचारलं, "घोट्याची पकड कधीपासून घेऊ?" मंगळवारपासून.

१९ जानेवारी २०२५

३९ ला ३६. ९२ टक्के. उतरताना गुडघा सरळ रेषेत. काल गावच्या मैत्रीपूर्ण सामन्यात ती दुसऱ्या डावात दहा मिनिटं खेळली, एक पकड केली, एकदा साखळीत खाली आली. आज सकाळी खळगे दिसत होते. पुढच्या आठवड्यात पूर्ण डाव.

तक्ता छापून आला. मंडळांना वाटप सुरू केलं. काट्याचा संच सध्या एकच आहे, तो महिन्याच्या पहिल्या रविवारी तालुक्याच्या मैदानावर ठेवायचा, ज्याला मोजून घ्यायचं त्याने यायचं. दुसरा संच करायला लोहाराकडे बाक टाकला आहे.

पुढचं काम मुलींच्या संघांपासून. एसीएलची दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते, आणि फिफाच्या ‘११+’ सारखा उड्या, उतरणं आणि तोल शिकवणारा वॉर्म-अप नियमाने केला तर दुखापती कमी होतात हे फुटबॉलमध्ये दिसलं आहे. त्यातून मॅटवर पंधरा मिनिटांत बसणारा कबड्डीचा क्रम तयार करायचा आहे. पहिली बैठक फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, मुली स्वतः दाखवणार.